नाशिकची छोटी कंपनी की हिंजवडीची मोठी? दोन्हीकडे कोड लिहून झाल्यावर

आमच्या बिल्डिंगमधल्या एका मुलाच्या हातात सध्या दोन ऑफर आहेत. एक गंगापूर रोडवरच्या पंधरा माणसांच्या ऑफिसची, दुसरी हिंजवडीतल्या मोठ्या कंपनीची. त्याचे वडील लिफ्टमध्ये भेटले की मला धरतात, कारण मी सहा वर्षं नाशिकच्या छोट्या कंपनीत काढली आणि आता मोठ्या कंपनीतलं चौथं वर्ष चालू आहे. लिफ्ट चौथ्या मजल्यावर थांबते, तेवढ्यात उत्तर पूर्ण होत नाही. म्हणून लिहून काढतो. सीटीसी, इन हँड, व्हेरिएबल हा हिशोब तुम्ही केलेलाच असणार, तो इथे परत मांडत नाही.

आधी रस्ता. माझं हायब्रिड आहे, मंगळवार ते गुरुवार ऑफिस. मंगळवारी पहाटे पाचला नाशिक रोडवरून एसटी पकडायची. दोनशे-सव्वादोनशे किलोमीटर. सिन्नर, संगमनेर, नारायणगाव, सगळं झोपेत निघून जातं. चाकणपर्यंत बस धावते, चाकणपासून मोशीपर्यंत सरकते. आणि नाशिकच्या माणसाने एवढं करून उतरायचं कुठे, तर पिंपरी-चिंचवडच्या नाशिक फाट्यावर. दोन रात्री वाकडला कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतल्या एका खाटेपुरत्या भाड्यावर, गुरुवारी रात्री साडेअकरा-बाराला घरी. सरळ रेल्वेची वाट बघत बसू नका. सेमी हायस्पीडचा जो मार्ग आखला होता तो खोडदच्या रेडिओ दुर्बिणीपाशी अडला आणि पुन्हा आखायला घेतला. तोवर एसटी.

याउलट नाशिकचं ऑफिस म्हणजे स्कूटरवर बारा मिनिटं, द्वारका चौक टाळला तर. दुपारी घरी जेवायला जाता येतं. आईला दवाखान्यात न्यायचं असेल तर ‘तासाभरात येतो’ एवढं सांगून उठता येतं, लीव्ह पोर्टल उघडावं लागत नाही. हे पारडं जड आहे आणि मी ते हलकं दाखवणार नाही. फक्त या एका मुद्द्यावर ठरवायचं असेल तर पुढचं वाचू नका, नाशिकची ऑफर घ्या.

शिकण्याच्या बाबतीतही छोटीच कंपनी वरचढ, निदान पहिली तीन वर्षं. मी तिथे डेटाबेस बघितला, सर्व्हर लावला, टॅलीत डेटा ढकलला, पॅकहाउसमधल्या लेबल प्रिंटरचा ड्रायव्हर रात्री दहाला टॉर्चच्या उजेडात बसवला. मोठ्या कंपनीत गेल्या दीड वर्षात माझ्या वाट्याला एका विमा प्रॉडक्टमधली नूतनीकरणाची तीन पानं आहेत. चौथं पान चेन्नईच्या टीमचं. त्याला हात लावायचा तर आधी मीटिंग.

पैशाबद्दल एकच सांगतो. छोट्या कंपनीत पहिली दोन वर्षं मी कागदोपत्री कन्सल्टंट होतो. दहा टक्के टीडीएस कापून पैसे हातात, पीएफ नाही. तेव्हा बरं वाटलं, हातात जास्त येत होते. मग पाथर्डी फाट्याला फ्लॅट बघितला आणि बँकेतल्या बाईंनी फॉर्म १६ मागितला. तो पगारदाराचा. माझ्याकडे कन्सल्टंटचा १६ए होता. त्या एका अक्षरापायी कर्ज आठ महिने लांबलं. वीसपेक्षा कमी माणसं असली तर पीएफ लावणं कंपनीला सहसा बंधनकारक नसतं, तेव्हा ऑफर लेटर घेताना हे तोंडाने विचारा. विचारल्याचा कुणाला राग येत नाही. आला तर तेही कळलं.

मोठी कंपनी म्हणजे सुरक्षित, असं मात्र समजू नका. २०२५ च्या जुलैमध्ये टीसीएसने सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांवर माणसं कमी करणार असल्याचं जाहीर केलं, तेव्हा आमच्या मजल्यावर आठवडाभर चहाच्या मशीनपाशी कुणी मोठ्याने हसलं नाही. आमची कंपनी वेगळी, तरीही.

एवढं सगळं छोट्या कंपनीच्या बाजूने असताना मी तिथून का निघालो? व्हॉट्सअ‍ॅपमुळे. ऐकायला क्षुल्लक वाटेल, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

तिथे प्रत्येक क्लायंटचा एक ग्रुप होता. ग्रुपमध्ये क्लायंट, त्याचा मुलगा, त्याचा मुनीम, आमचे दादा (कंपनीचे मालक, सगळे त्यांना दादाच म्हणत) आणि मी. काम तिथेच यायचं, बहुतेक वेळा बोलून रेकॉर्ड केलेलं, आणि सुरुवात ठरलेली: ‘सर, एक छोटंसं काम आहे.’ सकाळी सात, रात्री अकरा, लक्ष्मीपूजन, काहीही चालायचं. उत्तर दिलं नाही तर अर्ध्या तासाने प्रश्नचिन्ह. नुसतं प्रश्नचिन्ह.

आमचा एक क्लायंट द्राक्ष निर्यातदार होता. त्याच्या पॅकहाउसचं सॉफ्टवेअर मी लिहिलेलं. कुठल्या प्लॉटचा माल, कुठल्या पॅलेटवर, पेटीवर कुठलं स्टिकर. फेब्रुवारी, ऐन हंगाम. मी भाचीच्या साखरपुड्यात, हातात मठ्ठ्याचा जग. फोन थरथरला. दोन मिनिटं चौदा सेकंदांची नोट, मागे ट्रक रिव्हर्स घेतल्याचा आवाज. त्यात एवढं वाक्य स्पष्ट होतं: ‘ते पॉइंटच्या पुढचं दिसतं ना, ते काढून टाका, त्या दिवशी बोललो तसं.’ त्या दिवशी आम्ही चार गोष्टी बोललो होतो. मी फोन लावला, त्यांनी उचलला नाही. दादांना विचारलं, ते म्हणाले, ‘अरे, करून टाक ना, पाच मिनिटांचं काम आहे.’ मी मंगल कार्यालयाच्या वरच्या खोलीत, आहेराच्या पिशव्यांमध्ये लॅपटॉप उघडून ते पाच मिनिटांत केलंही.

त्यांना चलनावरच्या रकमेतले, रुपयांच्या पुढचे पैसे नको होते. मी पेटीच्या वजनातला दशांश काढला. सकाळी साडेचार किलोच्या पेट्यांवर ‘५ किलो’ छापलेली स्टिकरं निघाली, आणि कुणाच्या लक्षात येईपर्यंत सात पॅलेट रचून झाले होते. बायका नखांनी स्टिकरं खरवडत बसल्या होत्या. मी दहाला पोहोचलो, तेव्हा क्लायंट ओरडलेही नाहीत. एवढंच म्हणाले, ‘सर, मी सांगितलं होतं की.’ मी ती नोट पुन्हा ऐकली. तिथेच उभा राहून तीनदा. खरंच सांगितलं होतं. दोन्ही अर्थ त्यात बसत होते.

चूक त्यांची नव्हती, माझीही म्हणवत नाही. पण त्या दिवसापासून फोन वाजला की पोटात गोळा यायला लागला. पुढच्या मार्चपर्यंत मी तिथून बाहेर होतो.

मोठ्या कंपनीतली पहिली गंमत सांगतो. एका बटणावरचं स्पेलिंग चुकलं होतं. एक अक्षर. मी सवयीने दुरुस्त करून पुढे पाठवायला गेलो, तर तिकीट नव्हतं, म्हणजे त्या कामाची नंबर असलेली लेखी नोंद. तिकीट काढलं, तर ते पुढच्या स्प्रिंटमध्ये, म्हणजे कामाच्या पुढच्या फेरीत गेलं. रिव्ह्यू झाला, टेस्टिंग झालं, मग बुधवारची चेंज कमिटी, तिथे कुणीतरी विचारलं की रोलबॅक प्लॅन कुठे आहे. स्पेलिंगचा रोलबॅक प्लॅन! मी लिहिला: ‘जुनं चुकीचं स्पेलिंग परत आणणे.’ मंजूर झाला. नऊ दिवस लागले. घरी सांगितलं तर बायको हसून लोळली.

पण त्या नऊ दिवसांत मला एकही फोन आला नाही. काय बदलायचं, कुणी सांगितलं, कुणी तपासलं, सगळं लिहिलेलं, नावासकट. चुकलंच असतं तर कुठल्या पायरीवर चुकलं ते दाखवता आलं असतं. ज्या तिकिटाला सगळे डेव्हलपर शिव्या घालतात त्याच्याकडे मी छत्रीसारखं बघतो. नंबर नसलेलं काम मला कुणी सांगू शकत नाही, माझा मॅनेजरही नाही. सांगतो कधीकधी, मी म्हणतो, ‘तिकीट टाका ना सर.’ हे वाक्य दादांना म्हणून बघा.

बाकी कटकटी आहेतच, नाही कशाला म्हणू? लॅपटॉपवर साधा एडिटर टाकायला परवानगी लागते. शुक्रवारी टाइमशीट, आणि ती भरायला लागलेला वेळ कुठल्या कोडवर टाकायचा हे अजून कुणी सांगितलेलं नाही. वर्षातून दोनदा डेटा सुरक्षेचा तोच कोर्स, ज्यात एक माणूस पासवर्ड कागदावर लिहून ठेवतो आणि आपण दचकायचं. अप्रेझलमध्ये मॅनेजर म्हणतो, काम उत्तम, पण बेल कर्व्ह, म्हणजे वरचं रेटिंग ठरावीक जणांनाच. नोटीस पिरियड नव्वद दिवसांचा, त्यामुळे दुसरीकडून आलेली ऑफर दारातच ताटकळते. मीटिंगमध्ये माणसांना ‘रिसोर्स’ म्हणतात. याची सवय होते, हेच जरा खटकतं.

तुमचं वेगळं असू शकतं. नाशिकमध्येही रीतसर तिकिटावर चालणाऱ्या छोट्या कंपन्या असतील, माझा अनुभव एकाच कंपनीचा. आईवडील एकटे असतील, किंवा पहिलीच नोकरी असून सगळं करून बघायची खाज असेल, तर दोन-तीन वर्षं इथे काढणं वाया जाणार नाही. माझी तरी नाही गेली, ड्रायव्हर बसवणं अजून येतं. पण इंटरव्ह्यूमध्ये स्टॅक (कुठल्या भाषेत, कुठल्या टूल्सवर काम चालतं ते) विचारण्याआधी एवढं विचारा, की काम तुमच्यापर्यंत कशातून येतं. समोरच्याने खिशातून फोन काढून दाखवला, तर मी असतो तर पहाटेच्या एसटीचं तिकीट काढलं असतं.

दिवाळीत दादांचा मेसेज आला होता. परत ये, पगार तिथल्याइतका देतो, वर घरचं जेवण. मोह झाला, खोटं कशाला बोलू. मी लिहिलं, ‘दादा, क्लायंटचे ग्रुप बंद करून तिकीट सिस्टिम लावणार का?’

उत्तर व्हॉइस नोटमध्ये आलंय. एक मिनिट अडतीस सेकंद. अजून ऐकलेली नाही.