आठ महिने स्कूटर सोडून बसनं: कळंबा ते शिरोली एमआयडीसी

जूनमध्ये मुलगी कॉलेजला लागली आणि घरात दुसरी गाडी घ्यायचा विषय निघाला. मी म्हटलं, थांबा, माझी स्कूटर तिला देते आणि मी बसनं जाऊन बघते. पावसाळाभर जमलं तर पुढंही जमेल. आता फेब्रुवारी लागलाय आणि दुसरी गाडी अजून घेतलेली नाही.

मी राहते कोल्हापूर शहराला लागून असलेल्या कळंब्यात. शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत अकौंट्स बघते. सकाळी घराजवळून शहर बस धरायची, मध्यवर्ती बसस्थानकापाशी उतरायचं, तिथून कावळा नाका, तावडे हॉटेल, पंचगंगेचा पूल ओलांडून शिरोलीकडं जाणारी दुसरी बस. स्कूटरवर चाळीस मिनिटांत पोचायची. बसनं चांगल्या दिवशी तासाभरात पोचते, वाईट दिवशी पावणेदोन तास लागलेत.

पहिल्या आठवड्यातच मी पर्समध्ये एक छोटी डायरी ठेवली. थांब्यावर कधी आले, बस कधी आली, बसायला जागा मिळाली का, कामावर कधी पोचले, एवढंच लिहायचं. दिवाळीत ती डायरी सलग वाचून काढली तेव्हा एक गोष्ट डोळ्यांत भरली. बसमध्ये बसल्यावरचा वेळ रोज जवळपास सारखाच होता. उशीर व्हायचा तो थांब्यावर. एका सोमवारी चार मिनिटांत बस मिळाली, मंगळवारी तेहतीस मिनिटं उभी होते, आणि गुरुवारी एकामागोमाग दोन आल्या, दुसरी जवळपास रिकामी. एक फेरी रद्द झाली तर ते थांब्यावर उभ्या असलेल्या माणसाला कळायला काही मार्गच नाही. दोन बस बदलून जाणाऱ्या माणसाचं हे दुखणं दुप्पट होतं, कारण पहिली चुकली की दुसरीही चुकते.

म्हणून बससेवेत पैसा कुठं घालावा असं कुणी मला विचारलं, तर माझं उत्तर आता ठरलेलं आहे: नवीन मार्ग नंतर काढा, आधी चार-पाच मोठ्या मार्गांवर दर दहा मिनिटांनी बस सोडा. दहा मिनिटांनी बस असली की वेळापत्रक बघावं लागत नाही, माणूस सरळ घराबाहेर पडतो. अर्ध्या तासानं एक असली की तो शेजाऱ्याची दुचाकी बघतो, नाहीतर वडापमध्ये, म्हणजे माणसं भरून नेणाऱ्या खासगी गाडीत, चढतो.

हिशेबाचं काम करते म्हणून हा हिशेब मांडतेच. समजा एका बसला जाऊन-येऊन, टोकाला पाच मिनिटं टेकून, 90 मिनिटं लागतात. अर्ध्या तासाला एक सोडायची तर 3 गाड्या लागतात, दहा मिनिटांना एक सोडायची तर 9. आता हीच फेरी 70 मिनिटांत झाली, तर दहा मिनिटांच्या सेवेला 7 गाड्या पुरतात. म्हणजे वीस मिनिटांची कोंडी सोडवली की एकेका मार्गावर दोन गाड्या, त्यांचे ड्रायव्हर आणि कंडक्टर मोकळे झाले. दसरा चौकात, शिवाजी पुतळ्याच्या आसपास, स्टँडच्या तोंडाशी गर्दीच्या वेळी बसला आधी सोडणारा सिग्नल, थांब्यापुढचं पार्किंग हटवणं, बसला कडेला लागायला जागा ठेवणं, ही कामं पुलाच्या आणि उड्डाणपुलाच्या मानानं फार स्वस्तात होतात. त्यांचं भूमिपूजन होत नाही, फलक लागत नाही, म्हणून ती मागं पडतात. मला याचं फार वाईट वाटतं.

एका सकाळचं सांगते. पाऊस मरणाचा. कावळा नाक्याला एक आजी भाजीची बुट्टी घेऊन चढायला बघत होत्या. जुन्या गाडीची पायरी गुडघ्याएवढी उंच. मास्तरांनी, म्हणजे कंडक्टरनी, तिकिटाचं मशीन गळ्यात मागं सारलं, खाली उतरले, "मावशे, बुट्टी हिकडं द्या, तुमी दांडा धरा," म्हणाले आणि बुट्टी ड्रायव्हरच्या मागं नेऊन ठेवली. त्यात मिनिट-दीड मिनिट गेलं. मागून हॉर्न वाजत होते. "आज लेट का ओ मास्तर?" म्हणून कुणीतरी ओरडलं. "चौकात तटलीया की गाडी अर्धा तास, काय करू?" एवढंच ते बोलले. आठ महिन्यांत मला बसमधल्या माणसांबद्दल तक्रार करावीशी वाटली नाही. मात्र पायरी खाली असती तर आजी एकट्या चढल्या असत्या आणि ते मिनिटही वाचलं असतं. खालच्या पायरीची बस वयस्कर माणसाच्या सोयीची असते, तशीच ती लवकर भरते आणि लवकर सुटते.

आता आकड्यांचं बोलते, कारण नियोजन आकड्यांवर होतं. 2011च्या जनगणनेत कोल्हापूर महापालिका हद्दीत 5,49,236 लोक होते. केंद्राच्या नगरविकास मंत्रालयाच्या सेवा मानकांत सर्वांत वरच्या श्रेणीसाठी दर हजार लोकांमागं 0.6 बस धरलेली आहे. त्या जुन्याच लोकसंख्येवर हिशेब केला तरी सव्वातीनशेच्या वर बस होतात. पीएम ई-बस सेवेतून कोल्हापूरला 100 ई-बस मंजूर झाल्या. 2023 च्या ऑगस्टमध्ये केंद्रानं मंजूर केलेली ही योजना देशभरात 10,000 बसची आहे, आणि दहा वर्षं चालवण्यासाठी दर किलोमीटरमागं केंद्राची मदत त्यात आहे.

यातली एक गोष्ट आपल्या लोकांना नीट सांगायला हवी. या पद्धतीत गाडी ठेकेदाराची, आणि त्याला पैसे किलोमीटरवर. गाडी भरलेली जावो की रिकामी, तेवढे द्यावेच लागतात. तिकिटाचं उत्पन्न कमी पडलं तर खड्डा महापालिकेच्या तिजोरीत. म्हणजे 100 गाड्या कुठल्या रस्त्यावर, किती वेळानं फिरवायच्या हा खरा पैशाचा प्रश्न आहे. त्या चाळीस मार्गांवर वाटून दिल्या तर प्रत्येक मार्गाला दोन-अडीच येतील आणि कुठल्याच थांब्यावरची माझी तेहतीस मिनिटं कमी होणार नाहीत. गाडीच्या लांबीचाही विचार हवा. गंगावेश, पापाची तिकटी, महाद्वार रोड अशा जुन्या, अरुंद भागांत 12 मीटरची बस वळवणं म्हणजे ड्रायव्हरचा जीव टांगणीला. पेठांसाठी 9 मीटरची आणि शिरोली, कागल, गोकुळ शिरगावच्या रस्त्याला लांब गाडी, असं केलं तर जमेल.

माझा प्रवास सुरू होतो कळंब्यात आणि संपतो शिरोलीत. दोन्ही महापालिकेच्या हद्दीबाहेर. 1972 ला महापालिका झाली, त्यानंतर हद्द वाढलेली नाही. पाचगाव, मोरेवाडी, उचगाव, वडणगे, शिरोली ही गावं शहराला चिकटून वाढली आणि हजारो माणसं रोज इकडून तिकडं जातात. 2017 मध्ये 42 गावांसाठी कोल्हापूर क्षेत्र विकास प्राधिकरण झालं. तरी हद्दवाढीचा वाद तापला की गावाकडच्या बस बंद करा, ही भाषा सुरू होते. मला दोन्ही बाजू समजतात. शहराच्या माणसाला वाटतं, घरफाळा आम्ही भरायचा आणि बस गावाला. गावाच्या माणसाला वाटतं, राबायला आम्ही येतो, बाजार आमच्यावर चालतो. पण बस बंद झाली तर ती माणसं यायची थांबत नाहीत. ती दुचाकीवर येतात आणि त्याच दसरा चौकात उभी राहतात. महापालिका, प्राधिकरण, ग्रामपंचायती आणि औद्योगिक वसाहती यांनी मिळून किलोमीटरप्रमाणं वाटा उचलायचा एक करार केला पाहिजे, आणि तो हद्दवाढीच्या निकालाची वाट न बघता.

एसटीचंही असंच. 17 मार्च 2023 पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे. स्टँडवरून सांगली, इचलकरंजीकडं जाणारी साधी एसटी उभी असेल तर मी ती धरते आणि शिरोली फाट्याला उतरते, खोटं कशाला बोलू. माझे पैसे वाचतात, पण शहर बसचा तेवढाच प्रवासी कमी होतो. एकाच रस्त्यावर दोन सरकारी गाड्या एकमेकींची माणसं ओढतात. एक कार्ड, दोन्हीकडं चालणारं, आणि सवलतीची भरपाई दोन्हीकडं सारखी, हे झालं तर त्याच गाड्या एकमेकींना पूरक होतील.

आमच्या फौंड्रीतल्या पोरांसाठी तर बस जवळपास नसल्यात जमा आहे. दुसरी पाळी रात्री बाराला सुटते. त्या वेळी काय मिळणार? कामाला लागल्याबरोबर पहिला पगार हातात यायच्या आधी दुचाकीचा हप्ता सुरू होतो. पगारातून कापायची रक्कम मीच लिहिते, म्हणून मला माहीत आहे. पाळी सुटण्याच्या वेळेला शिरोलीतून दोन गाड्या शहराकडं आणि एक हातकणंगलेकडं निघाली, तरी कितीतरी हप्ते वाचतील. कारखान्यांनी पाळीच्या वेळा कळवायच्या आणि वेळापत्रक त्यावर बसवायचं, याला पैसाही फारसा लागत नाही. तिकडं रेल्वेचा रूळ तर 1891 पासून आहे, वळिवडे, रुकडी, हातकणंगले, जयसिंगपूर करत मिरजेला जातो. सकाळ-संध्याकाळ त्याच्यावर छोट्या गाड्या वाढवाव्यात असं मला फार वाटतं.

पुराचं लिहिल्याशिवाय राहवत नाही. 2019 ला आणि 2021 ला शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आलं आणि शहर त्या बाजूनं तुटलं. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचं पाणी 39 फुटांना आलं की इशारा, 43 ला धोका, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ आहे. तसंच कुठल्या फुटाला कुठली बस कुठून वळणार, हेही आधी ठरवून प्रत्येक थांब्यावर लावायला हवं. डेपो आणि चार्जिंगची जागा निवडतानाही पूररेषा बघायला हवी, विजेच्या गाडीला तर जास्तच.

मी अजून बसनंच जाते. महिनाअखेरीला ऑफिसात रात्री थांबावं लागतं, त्या दोन-तीन दिवशी मुलीकडून स्कूटर मागून घेते. बाकीच्या दिवशी सकाळी साडेसातला कळंब्याच्या थांब्यावर असते. डायरी भरली, परवा दुसरी आणली. कुणाला आठ महिन्यांच्या नोंदी हव्या असतील तर मी टाइप करून द्यायला तयार आहे. तुमच्या मार्गावरच्या नोंदी कुणी ठेवल्या असतील तर त्याही मला बघायच्या आहेत, विशेषतः फुलेवाडी आणि उचगावच्या.