सफरचंदावरच्या पानगुंडाळी अळीसाठी डेल्टा कामगंध सापळा

मेलबर्नच्या परसात सफरचंद, नासपती, लिंबू लावलेल्यांनी हा सापळा जरूर घ्यावा. मात्र त्याने अळी आटोक्यात येईल, या भरवशावर घेऊ नये. ल्यूरला, म्हणजे मादीच्या गंधाच्या आमिषाला, फक्त नर पतंग येतात. थोडे नर चिकटले तरी उरलेल्यांशी माद्यांचे मीलन होतेच. आपल्याकडच्या कापूसपट्ट्यात बोंडअळीसाठी असे सापळे लावतात, तसाच याचाही खरा उपयोग फवारणीची वेळ कळण्यापुरता.

ही कीड म्हणजे लाइट ब्राऊन ॲपल मॉथ, शास्त्रीय नाव एपिफायस पोस्टव्हिटाना. मूळची ऑस्ट्रेलियाचीच; २००७ मध्ये कॅलिफोर्नियातही तिची नोंद झाली.

संचात त्रिकोणी प्लास्टिकचा सांगाडा, चिकट पत्रा आणि रबरी ल्यूर असतो. सापळा दीड ते दोन मीटर उंचीवर, झाडाच्या विस्तारात टांगावा. तोंडाशी येणारी पाने काढावीत. ल्यूर चिमट्यानेच धरावा. कॉडलिंग मॉथ या सफरचंदावरच्या दुसऱ्या किडीचा ल्यूर हाताळलेल्या बोटांनी याला हात लावला की गंध मिसळतो आणि मोजणी बिघडते. जादा ल्यूर बंद पाकिटात फ्रीझरमध्ये ठेवावेत, टांगलेला पाकिटावरच्या मुदतीत बदलावा. बरेच जण तो संपूर्ण हंगाम तसाच ठेवतात, मग सापळा रिकामा दिसतो आणि कीड नाही असा समज होतो. पत्र्यावर धूळ बसली तरी तेच.

आठवड्यातून एकदा ठरलेल्या वारी मोजणी करावी. आकडा चढू लागला की पानांच्या वरच्या बाजूला माशाच्या खवल्यांसारखे एकावर एक चढलेले फिकट हिरवे अंडीपुंज शोधावेत. अंडी फुटू लागताच संध्याकाळी बीटी कुर्स्टाकी हे जिवाणूजन्य कीटकनाशक फवारावे. ते अळीच्या पोटात गेले तरच काम करते आणि उन्हात लवकर निकामी होते. पानांच्या खालच्या बाजूलाही फवारा पोचला पाहिजे, कारण कोवळ्या अळ्या तिथेच बसतात. पान गुंडाळले गेल्यावर औषध आत पोचत नाही. मग गुंडाळी हाताने चिरडणेच बरे. हिरवी अळी डिवचताच मागे वळवळते, धाग्याने खाली लोंबते.

दोन फळे चिकटलेली असतील तिथे ती साल कुरतडते, म्हणून घोसात एकच फळ ठेवावे. हिवाळ्यात ती सुप्तावस्थेत जात नाही, झाडाखालच्या तणावर जगते. ते तण वसंत ऋतूआधी काढले नाही, तर सापळा वेळेवर इशारा देऊनही झाडावर गर्दी होतेच.