मृग ते आखाजी वापरून: बोटीची कडी टिकली, नटांनी घात केला

कडीच्या या सेटला आधी दिलेले चार तारे काढून दोन करतोय. कडी चांगली आहे, तरी दोनच. कारण सोबतचे नट.

सेट सगळ्यांना माहीत असलेलाच. फायबरच्या बोटीच्या तोंडाला बसणारी स्टेनलेसची यू आकाराची कडी, १० मिमी दांड्याची, सोबत नट, वायसर, आतून लावायची पट्टी आणि रबराचं गॅस्केट. जाहिरातीत ‘मरीन ग्रेड’ असं ठळक लिहिलेलं.

आमची बोट सोळा फुटी, थोरल्या भावाने रायगडकडून जुनी आणलेली. ती नवापूर तालुक्यात उकाईच्या फुगवट्यात चालते, जाळी आणि पिंजऱ्यातल्या माशांचं खाद्य वाहायला. धरण गुजरातेत, तापीवर, १९७२ चं. पाणी आमच्या दारापर्यंत. उन्हाळ्यात हे पाणी मागे सरकत जातं आणि काठाला नुसता गाळ उरतो. मग बोट ट्रॅक्टरला दोर लावून वर ओढावी लागते, आणि तो सगळा ओढा या एका कडीवर येतो. म्हणून कडीबद्दल एवढं लिहितोय. दोर ताणलेला असताना कडी निसटली तर ती गोळीसारखी सुटते, आणि मागे माणसं बोटीला खांदा लावून उभी असतात.

जुनी कडी बदलायची वेळ का आली ते सांगतो, कारण बाहेरून ती एकदम चकचकीत होती. खाली विटकरी रंगाचा बारीक ओघळ, आणि भोकाभोवती जेलकोटला, म्हणजे फायबरवरच्या गुळगुळीत थराला, केसाएवढ्या चिरा. एवढंच. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत गेलो तर कडेला टणटण वाजायचं आणि कडीजवळ आल्यावर आवाज बसायचा. म्हणजे फायबरच्या आत मजबुतीला घातलेलं लाकूड ओलं. नटावर रात्रभर डिझेल सोडून सकाळी सतराचा पाना लावला, तर नटासकट दांड्याचं टोकच हातात आलं. लाकडात बुडालेला भाग कमरेतून बारीक झालेला, व्हर्नियर लावला तर सहा मिमी. दहाचा सहा म्हणजे साठ टक्के ताकद उरली असं वाटतं, पण ताकद गोलाच्या क्षेत्रफळावर असते. उरली होती फक्त छत्तीस टक्के. त्याच कडीवर आदल्या वर्षी आम्ही ट्रॅक्टर लावला होता.

स्टेनलेस टिकतं ते त्यातल्या क्रोमियममुळे. हवेतला ऑक्सिजन मिळाला की वर अगदी पातळ थर धरतो आणि ओरखडा पडला तरी पुन्हा भरून येतो. ओल्या लाकडात गच्च बसलेल्या दांड्याला तो ऑक्सिजन मिळत नाही, त्यात आमच्या बोटीच्या लाकडात समुद्राचं मीठ मुरलेलं. एकदा थर तुटला की परत धरत नाही. त्यामुळे जुन्या बोटीची कडी बाहेरून बघून पास करू नका, दांडा बाहेर काढूनच बघा.

दुरुस्ती मृगाच्या आधी केली. भोकं मोठी केली, कुजकं लाकूड खरवडून काढलं, उरलेलं उन्हात खडखडीत वाळवलं. मग पोकळीत लाकडाचा बारीक भुसा मिसळलेलं इपॉक्सी भरलं आणि ते कडक झाल्यावर मधोमध पुन्हा १० चं भोक पाडलं. आता दांड्याभोवती सगळीकडून इपॉक्सी आहे, लाकडाचा संबंधच नाही. सेटमधलं गॅस्केट फेकलं. पत्र्याच्या छताला वापरतात ती दोन्ही बाजूंनी चिकटणारी ब्युटाइल टेप घेतली, भोकाची कड थोडी तासली आणि टेपची वळी दांड्याभोवती गुंडाळून दाबून बसवली. उरलेलं सिलिकॉन घरात पडून असतं ते इथे लावू नका. व्हिनेगरचा वास येणाऱ्या सिलिकॉनमधून सुकताना अ‍ॅसिड सुटतं, ते धातूला मारक. टेपबद्दल मात्र मनापासून सांगतो, अख्खा पावसाळा गेला, तापीला पूर आले, आणि भोकातून एक थेंबही आत आला नाही. एवढ्या स्वस्त वस्तूकडून एवढी अपेक्षाच नव्हती.

सेटमधली पट्टी इतकी पातळ की हाताने वाकते. नंदुरबारच्या लेथवाल्या भाऊंनी डेअरीच्या जुन्या टाकीच्या पायाची ५ मिमी पट्टी कापून, कडा घासून, भोकं पाडून दिली. मजुरी चहाच्या पैशात.

आता आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, बोट वर घेतली आणि पुढचा कप्पा उघडला. पट्टी स्वच्छ, दांडा स्वच्छ. चारही नट लालभडक. बोटाने घासले तर पापुद्रे निघाले आणि गंज पट्टीवर ओघळलेला. नवे होते तेव्हा कडीशेजारी ठेवून फरक कळत नव्हता, इतकी सारखी चमक. लेथवाल्या भाऊंनी चुंबक लावलं, खटकन चिकटलं. म्हणाले, “हाऊ नट लोखंडना शे भाऊ, वर नुसतं पाणी मारेल शे.”

जस्ताचा मुलामा! स्टेनलेसच्या मोठ्या दांड्याला लोखंडाचा छोटा नट लावला आणि दोन्ही ओलं राहिलं की झीज नटाच्या वाट्याला येते. आधी जस्त जातं, मग लोखंड. पुढच्या कप्प्यात खाद्याचं आणि माशांचं पाणी साचतंच. हे कडी बनवणाऱ्याला ठाऊक नसेल असं मला पटत नाही. चार नटांमागे किती वाचले असतील? कडी आठशे रुपयांची, आणि ती ज्यावर लटकते त्या नटात काटकसर!

विक्रेत्याला फोटो पाठवले. उत्तर आलं की वर्णनात ‘एसएस कडी’ लिहिलंय, ‘एसएस नट’ लिहिलेलं नाही, शिवाय परतीची मुदत संपली. पुन्हा लिहिलं, बोट वर्षातून एकदाच कोरडी होते, मुदतीत नट उघडणार कसे? त्यावर उत्तर नाही.

कडीवरही संशय आला, कारण वाकवलेल्या भागावर चुंबक किंचित ओढ घेत होतं. जळगावला एमआयडीसीत स्टेनलेसचं काम करणाऱ्या ओळखीच्याकडे नेली. ते म्हणाले, थंड वाकवलं की ३०४, म्हणजे नेहमीचं स्टेनलेस, सुद्धा थोडं चुंबक धरतं, त्यावरून नकली ठरवू नका. थेंब टाकून तपासलं, मॉलिब्डेनम नाही. म्हणजे मॉलिब्डेनम असलेलं, खाऱ्या पाण्यासाठीचं ३१६ नाही, ३०४ आहे. ‘मरीन ग्रेड’ म्हणून विकणं खोटंच, समुद्रावर चालवणाऱ्यांनी हा सेट घेऊ नये. पण आमच्या गोड्या पाण्यात ३०४ पुरतं, आणि दांड्यावर एक डागही नाही. म्हणून कडीवरचा राग मी सोडला. नटांवरचा सोडणार नाही.

नवे नट नंदुरबारलाच सुटे घेतले, ३०४ चे, नायलॉन असलेले, दुकानातच चुंबक लावून. आट्यांना ग्रीस लावून हाताने सावकाश आवळायचे. स्टेनलेसवर स्टेनलेस कोरडं आणि जोरात फिरवलं की आटे एकमेकांत धरतात, मग कापूनच काढावं लागतं.

वरच्या दोर बांधायच्या खुंटाखालीही तसाच विटकरी ओघळ दिसायला लागलाय. त्याचे स्क्रू मृगाच्या आत काढतो. हार्डवेअर सुटं घेणार, सेट नाही.