मण्यांची दोरी : सहा तास दोरीउड्या मारल्या तरी दोरी शाबूत

आमच्या शाळेच्या खो-खो टीमनं फेब्रुवारीत दोरीउड्यांचं चॅलेंज केलं. सलग ६ तास, रिले पद्धतीनं, म्हणजे एक पोरगं दमलं की दुसरं लगेच दोरी हातात घेणार, मधे खंड पडू द्यायचा नाही. घरच्यांनी, शेजारच्यांनी, गल्लीतल्या दुकानदारांनी आधीच देणगीचा आकडा सांगून ठेवलेला, दर १०० उड्यांना १ रुपया, कुणी ५ रुपये. मिनिटाला १०० च्या आसपास उड्या धरल्या तर ६ तासांत ३६,००० होतात, त्यामुळं रुपयावाल्या काकांचेसुद्धा तीनशेच्या वर जातात. पैसे सगळे लहान मुलांच्या संस्थांना, अर्धे पंढरपूरच्या पालवीला, जिथं एचआयव्हीसह जगणारी मुलं राहतात, आणि अर्धे सोलापुरातल्याच एका बालगृहाला.

मी पीटी घेते, दोऱ्या आणायचं काम माझ्याकडं होतं, म्हणून हा रिव्ह्यू दोरीचा. अशा उपक्रमात टी-शर्ट, बॅनर, सर्टिफिकेट यावर चार मीटिंगा होतात आणि दोरी मात्र मिळेल ती उचलतात, हे मला अजिबात पटत नाही, कारण ६ तास पोरांच्या हातात तीच असते.

नवी पेठेतल्या खेळाच्या सामानाच्या दुकानात तीन प्रकार बघितले. साधी पीव्हीसीची, सगळ्यात स्वस्त, पण गुंडाळून ठेवली की वळ्या पडतात त्या सरळ होत नाहीत, आणि आपल्या सोलापूरच्या उन्हात मऊ पडून लांबते. दुसरी स्टीलच्या तारेची, बेअरिंगवाली, लई फास्ट फिरते, जिममधे मॅटवर ठीक आहे पण सिमेंटवर किंवा मुरुमावर वरचं प्लास्टिक घासून जातं आणि आतली तार उघडी पडते, पायावर बसली तर सोलूनच निघतं, लहान पोरांना देऊच नका. तिसरी मण्यांची, म्हणजे नायलॉनच्या दोरीत प्लास्टिकचे लांबट मणी ओवलेले. दुकानदार काका म्हणाले, मॅडम पोरांसाठी हीच न्या, जरा महाग पडेल पण मैदानावर टिकेल. दोनशेच्या आतबाहेर पडली एक. काकांनी आधी विचारलं कुठल्या जमिनीवर मारणार, मुलं कितवीची, मगच माल दाखवला, हे मला फार आवडलं.

वापरून सांगते. ही दोरी वजनानं जरा जड, त्यामुळं फिरताना गोल आकार धरून ठेवते, वाऱ्यानं हलत नाही, पाचवीतल्या पोरांनासुद्धा लय सापडते. गुंता होत नाही, रिलेमधे हे फार महत्त्वाचं, हातातनं हातात देताना गाठ पडली तर तिथंच अर्धं मिनिट जातं. आणि आवाज! मणी जमिनीवर टक टक वाजतात. आमच्या मोजणाऱ्या दोन पोरी वहीत मान घालून बसलेल्या, वर बघतसुद्धा नव्हत्या, आवाजावर पाच-पाचच्या रेघा मारत होत्या, आणि आवाज चुकला की न बघता ओरडायच्या "अडकली!". दोघींचे आकडे जवळपास सारखे आले, स्पॉन्सरला हिशेब दाखवताना त्याचा खूप उपयोग झाला.

लांबी कमीजास्त करता येते. दोरीच्या मधोमध पाय ठेवून उभं राहायचं, मुठी काखेपर्यंत आल्या की बरोबर. जास्त असेल तर मुठीचं टोपण काढून गाठ सोडायची, चार मणी काढायचे, परत गाठ. एकच दोरी सगळ्यांना पुरत नाही पण, उंचीप्रमाणं तीन मापं करून मुठीला रंगीत टेप लावा, ऐनवेळी शोधाशोध होत नाही.

आता खटकलेलं. मुठीच्या आतली गाठ सैल होते, आमच्या एका दोरीची मूठ भर रिलेत निघून हातात आली, त्यामुळं आधी सगळ्या गाठी ओढून बघा आणि जास्तीच्या दोऱ्या जवळ ठेवा. मण्यांचा फटका अनवाणी पायाला चांगलाच लागतो, बूट मोजे पाहिजेतच. आणि स्पीड येत नाही, ज्यांना डबल अंडर, म्हणजे एका उडीत दोनदा दोरी पायाखालून, मारायचेत त्यांच्यासाठी ही नाही.

जमीन मातीचीच घ्या, रात्री पाणी मारून ठेवलेली, सिमेंटवर पोरांच्या नडग्या दुखतात. आम्ही सकाळी ६ ला सुरू केलं म्हणून निभावलं, फेब्रुवारीतसुद्धा ११ नंतर ऊन चढतंच. १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाचा चमचा बरं का, हे पाणी दर पाळीनंतर घोट घोट दिलं. आयांनी टर्किश टॉवेल ढीगभर आणलेले, सोलापुरात त्याला काय तोटा.

पैशाचं पण सांगते, आम्हाला बऱ्याच जणांनी विचारलं. शाळेत रोख गोळा करू नका, स्पॉन्सरला थेट संस्थेच्या खात्यावर भरायला सांगा. २,००० च्या वर रोख दिलं तर देणगीवरची इन्कम टॅक्सची सवलत, जिला ८०जी म्हणतात, ती मिळत नाही, आणि नव्या टॅक्स रिजीममधे ती मुळातच नाही, हे आधीच सांगितलं की नंतर कुणी रुसत नाही.

मण्यांची दोरी दुकानात कायम नसते, आम्हाला एक-दोनच मिळाल्या, बाकीच्या मागवून घेतल्या. आठवडाभर आधी सांगा आणि सुटे मणी पण मागून घ्या, मागितले तर देतात.