टोमॅटोवरचा व्हायरस की द्राक्षातला व्हायरॉइड?

पिंपळगाव बसवंतला टोमॅटो विकणाऱ्या शेतकऱ्याला व्हायरस चांगलाच ठाऊक असतो. व्हायरॉइडचं नाव क्वचितच कानावर येतं. पेशी दोघांनाही नाही, प्रती काढायला दोघांनाही झाडाचीच पेशी लागते. पण टोबॅको मोझॅक व्हायरसचा आरएनए (जनुकीय माहितीची साखळी) सुमारे ६,४०० अक्षरांचा, वर २,१३० प्रथिन-तुकड्यांचं कवच. व्हायरॉइड म्हणजे उघडं आरएनएचं कडं! १९७१ साली थिओडोर डायनर यांनी दाखवलेला बटाट्यावरचा व्हायरॉइड ३५९ अक्षरांत संपतो. एकही प्रथिन बनवत नाही.

कवचच नसल्यानं कवच ओळखणाऱ्या एलायझा चाचणीत तो सापडत नाही, आरटी-पीसीआरसारखी थेट आरएनए शोधणारी चाचणीच लागते. निफाडच्या द्राक्षबागांसाठी मला व्हायरॉइडच जास्त महत्त्वाचा वाटतो. वेलीवर लक्षण नसतानाही तो कलमाच्या काडीतून, छाटणीच्या कात्रीतून पुढच्या वेलीत जाऊ शकतो.