दांडिया बाजारातला पर्लचा वर्ग: शिकवणी चोख, नोट्स जुन्या

बडोद्यात मराठीतून पर्ल ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकवणारा हा वर्ग नवख्यांना चालेल. फाइलच्या माथ्यावर ‘यूज स्ट्रिक्ट’ आणि ‘यूज वॉर्निंग्ज’ या चुका पकडून देणाऱ्या ओळी लिहायची सवय पहिल्याच दिवशी लावतात, हे उत्तम. शेवटचं एंटर छाटणारा ‘चॉम्प’ही घोटून घेतात: कीबोर्डवरून आलेल्या ‘हो’च्या शेपटीला एंटरचं अक्षर चिकटलेलं असतं. ते न काढता ‘ईक्यू’ने, म्हणजे मजकूर म्हणून, तुलना केली, की उत्तर कायम नकारार्थी. तिथे आकड्यांची तुलना करणारं == घातलं तर उलटी गंमत, ‘हो’ आणि ‘नाही’ दोन्ही शून्य धरले जातात, म्हणजे सारखेच!

नोट्स मात्र जुनाट. फाइल उघडताना कंसाविना ‘|| डाय’ (‘नाहीतर थांब’) छापलंय. ते उघडण्याच्या आज्ञेऐवजी फाइलच्या नावालाच चिकटतं, फाइल नसली तरी प्रोग्रॅम गप्प. तिथे ‘ऑर डाय’ हवं. रेजेक्स, म्हणजे मजकुरातले नमुने शोधायची पद्धत, दोन तासांत उरकतात, फारच कमी.