पोकर आकाराचा ब्रायर पाईप: धरमपेठेतल्या घरात वापरून

आधी एक स्पष्ट सांगतो. पाईप म्हणजे तंबाखूच. धूर छातीत घेतला नाही तरी तोंडाच्या, घशाच्या कॅन्सरचा धोका राहतोच, आणि खर्ऱ्याने किती जणांचे जबडे आवळले गेले ते नागपूरकराला मी काय सांगावं. ज्याला सवय नाही त्याने हे वाचून सुरुवात करू नये. ज्याच्या हातात पाईप आहेच आणि दुसरा घ्यायचं मनात घोळतंय, त्याच्यासाठी हे लिहितोय.

आपल्याकडे पाईप बहुतेक वेळा फोटो बघूनच मागवावा लागतो, आणि फोटो हमखास बाजूने काढलेला असतो. बाजूने पाहिलं तर वळणदार पाईपची सर कुणालाच नाही. बाऊल, म्हणजे तंबाखू भरायची वाटी, खाली झुकलेला, दांडी वर उचललेली, लाकडाचे रेषे वळणाबरोबर धावणारे. मन बसतंच. पण राजेहो, ओढणाऱ्याला स्वतःचा पाईप बाजूने दिसतो कुठे? त्याला दिसते वरची गोल कड, आतला निखारा आणि अंगठ्याखालचं बोटभर लाकूड. बाजूचं रूप समोर बसलेल्याच्या वाट्याला येतं. म्हणून मी पाईप निवडताना वरची कड बघतो, हातात कसा बसेल त्याचा अंदाज घेतो आणि मग तो ठेवायचा कुठे याचा विचार करतो. या तिन्ही गोष्टींत पोकर उजवा ठरला.

पोकर म्हणजे सरळ भिंतीचा बाऊल, सपाट बूड आणि सरळ दांडी. फोटोत तो लाकडी हातोडीसारखा दिसतो, हे मान्य. माझा ब्रायरचा आहे. भूमध्य समुद्राच्या काठच्या एरिका आर्बोरिया या झुडपाच्या मुळाशी जी गाठ धरते तिचं हे लाकूड. गाठ उकळून, बरेच महिने सुकवून मग कोरतात, म्हणून ती आचेला टिकते.

मी घरी दस्त लिहितो. खरेदीखत, बक्षीसपत्र, हक्कसोड. सातबारा एका हातात, पेन दुसऱ्या हातात, आणि मध्येच नावाची खात्री करायला जुनी फाईल उघडायची. अशा वेळी पाईप टेबलावर ठेवता आला पाहिजे. वळणदार पाईप स्टँडशिवाय कलंडतो आणि राख थेट कागदावर सांडते. नुसता सरळ दांडीचा, गोल बुडाचा बिलियर्डसुद्धा आडवा पडतो. पोकर ठेवला की उभा. निखारा वरच राहतो, पाच मिनिटांनी उचलून हलकेच ओढला की बहुतेक वेळा काडी लागत नाही.

आता नागपूरच्या उन्हाळ्याचं. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे गेला की कूलरशिवाय घरात बसवत नाही, आणि कूलरचा झोत हा पाईपचा वैरी. कूलरसमोर पाईप धरून वरून बघा: राखेचा थर उडतो, खालचा निखारा पांढरट-नारिंगी होतो आणि क्षणात बाऊल बोटांना चटका देऊ लागतो. पातळ भिंतीचा नाजूक पाईप इथे दम धरत नाही. माझ्या पोकरची भिंत जाड आहे. शिवाय तो सँडब्लास्ट केलेला, म्हणजे वाळूच्या माऱ्याने मऊ भाग झिजवून खडबडीत केलेला. खडबडीत पृष्ठभाग जास्त असल्याने उष्णता बाहेर पडायला मदत होते आणि घामेजलेल्या हातातून पाईप निसटत नाही. गुळगुळीत, सलग रेषांचा पाईप महाग असतो, कारण लाकडात एकही डाग चालत नाही. तो पैसा मी रूपापायी घालणार नाही. तंबाखूचंही तेच. उघडा डबा मे महिन्यात लवकर कोरडा पडतो आणि कोरडा तंबाखू भडाभडा जळतो, म्हणून घट्ट झाकणाची काचेची बरणी हवीच.

वळणदार पाईपची बाजू मी मनापासून मांडतो, कारण तो नुसता शोभेचा नाही. त्याचं वजन हनुवटीखाली लोंबतं, त्यामुळे दातांवर ताण कमी येतो. मला खालची कवळी आहे. सरळ पाईप दातांत धरून बसलो तर पुढचं वजन कवळी उचलू पाहतं. पोकर तर पुढून जडच. तो दातांत धरून बागेला पाणी घालणं माझ्याच्याने होत नाही, तो हातातच धरावा लागतो. ज्याला दोन्ही हात मोकळे ठेवून पाईप तोंडात हवा, त्याने खुशाल वळणदार घ्यावा. फक्त फार आखूड नको, धूर सरळ डोळ्यांत जातो.

वळणात ओल साचते आणि पाईप गुडगुड करू लागतो, हा मात्र त्याचा पिंडच. डब्लिनच्या पीटरसन कंपनीने यावर १८९० मध्ये पेटंट घेतलं: दांडीतच ओल जमायला खोलगट जागा. १८९८ मध्ये त्यांनी धूर जिभेवर न येता टाळूकडे जाईल असं माउथपीसही काढलं. ही सिस्टिम पाईपची रचना मला फार आवडते. तिचं माउथपीस नुसतं दाबून बसवलेलं असल्याने गरम असतानाही काढून ओल पुसता येते. साध्या पाईपचं माउथपीस गरम असताना ओढलं तर आतली खुंटी तुटू शकते, तो गार होऊ द्यावा. लांबलचक दांडीचा चर्चवॉर्डन माझ्या मेव्हण्यांकडे आहे. आरामखुर्चीत बसून धूर चेहऱ्यापासून लांब ठेवायला छान, कामाच्या टेबलावर अडचण.

माउथपीस कशाचं आहे हेही विचारा. एबोनाइट दातांना मऊ लागतं, पण इथल्या उन्हात ठेवलं की हिरवट-तपकिरी होतं आणि जिभेला गंधकाची चव येते. अ‍ॅक्रिलिक काळंभोर राहतं, दातांना कडक. मी अ‍ॅक्रिलिकवर रबराची टोपी चढवली आहे, कवळीला बरं पडतं.

पार्सल आलं की पेटवण्याआधी एक करा. पाईप क्लीनर, म्हणजे पाईप साफ करायची केसाळ तार, माउथपीसमधून आत सरकवा आणि बाऊलमध्ये डोकावा. टोक बाऊलच्या तळाशी, मधोमध निघालं पाहिजे. भोक वर असेल तर खालचा तंबाखू ओलाच राहतो आणि प्रत्येक वेळी शेवटी कडू चव येते. सरळ पाईपमध्ये क्लीनर बिनअडथळा जातो, वळणदारात बऱ्याचदा अडतो. असं असेल तर परत पाठवा, नक्षी कितीही सुंदर असो.

पोकरमध्ये एक उणीव आहे: बुडाची कड टोकदार असते, टेबलावर जरा जोरात आपटला की ठसा उमटतो. बाकी ज्यांना आकाराचा अंदाज स्वस्तात घ्यायचा आहे त्यांनी मक्याच्या कणसाचा पाईप बघावा. मिसुरी मीरशॉम ही अमेरिकन कंपनी १८६९ पासून ते बनवते. त्यात खोल आणि उथळ बाऊलचा फरक कळला की ब्रायरवर पैसे घालावेत, आणि विकणाऱ्याकडे बाजूच्या फोटोबरोबर वरून काढलेला फोटो, वजन आणि बाऊलची आतली रुंदी मागावी. १९-२० मिलिमीटर रुंदी मला पुरते.